दादाच्या व्यसनासाठी हेल्पलाइन शोधताना

व्यसनाच्या हेल्पलाइनला फोन करायचा तो ज्याला व्यसन आहे त्यानेच, असा समज आमच्या घरात होता, आणि त्यामुळे ‘दादा फोन करायला तयार नाही’ या एका वाक्यावर विषय दर वेळी थांबत असे. दादा आणि वहिनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात, मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. सकाळी उठल्याउठल्या प्यायल्याशिवाय त्याच्या हातात चहाची बशी ठरेना, तेव्हा वहिनींनी मला फोनवर सांगितले, ‘वन्सं, आता माझ्याच्यानं एकटीनं होत नाही.’ त्यानंतर शोध मी माझ्याकडे घेतला.

इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर जे क्रमांक आले, त्यांतील एकावर एका गृहस्थांनी आजाराविषयी काहीही न विचारता थेट खर्च सांगितला आणि ‘पत्ता द्या, आमची माणसे रात्रीतून गाडीने घेऊन जातील’ असे आश्वासन दिले. रुग्णाला कोणते डॉक्टर तपासतील, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. थकलेल्या कुटुंबाला असे आश्वासन किती मोहाचे वाटते हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी हे लिहीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे; त्यामुळे रुग्णाला त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचे झाल्यास तज्ज्ञांची तपासणी आणि ठरलेली कायदेशीर प्रक्रिया आवश्यक असते. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणे हा उपचार नव्हे.

त्यानंतर मी केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन, १४४४६, हा क्रमांक लावला. तो निःशुल्क आहे. लाइन लगेच लागली नाही, परंतु लागल्यावर पलीकडच्या समुपदेशक बाईंनी दादा जवळ नाही म्हणून मला परत पाठवले नाही. त्यांचे प्रश्न नेमके होते. रोज साधारण किती पितो, किती वर्षांपासून, शेवटचे केव्हा प्यायला, दारू न मिळाल्यास हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का, काविळीचा किंवा रक्ताच्या उलटीचा त्रास झाला आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, घरात मारहाण होते का. यातील अर्ध्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. मी ते विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतले, वहिनींना विचारले आणि पुन्हा फोन केला. ही माहिती आधीच कागदावर असेल तर तोच फोन कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

पूर्वी दारू थांबवल्यावर दादाला एकदा फिट आली होती, हे त्या वेळी वहिनींकडून कळले. हे ऐकताच समुपदेशक बाईंचा स्वर बदलला. ‘ताई, घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका,’ असे त्यांनी दोनदा बजावले. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली तर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जणांना भास होऊन भान हरपते. ही शेवटची अवस्था जिवावर बेतू शकते. आमच्या नात्यातील वडीलधारी मंडळी ‘खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ असे म्हणत होती. तो सल्ला किती घातक होता, हे मला त्या फोनमुळे कळले.

वहिनींना कोणीतरी जेवणात नकळत मिसळायच्या गोळ्या सुचवल्या होत्या, म्हणून मी त्याविषयीही विचारले. डायसल्फिरामसारखे, दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब घसरण्यापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचे असते, असे त्यांनी स्पष्ट केले.

हेल्पलाइनने आम्हाला बरे केले नाही, ते तिचे कामही नाही. तिने दिशा दिली. दादाला आधी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाला दाखवायचे आणि शरीर सावरल्यावर व्यसनमुक्ती केंद्राचा विचार करायचा, असा क्रम ठरला. दादा तयार कसा झाला, हेही सांगितले पाहिजे. ‘दारू सोड’ असे न म्हणता ‘हाताची थरथर आणि झोप डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणावे, आणि तेही सकाळी, तो शुद्धीत असताना, अशी सूचना मिळाली होती. मी गावी जाऊन त्याला म्हटले, ‘दादा, तू चल, मी सोबत आहे.’ त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही, आणि मग चपला घातल्या. डॉक्टरांनी दाखल करून घेऊन दररोज कमी होत जाणारी औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सुरू केले.

दादा रुग्णालयात असताना वहिनींना रात्री झोप लागत नसे. त्यांच्यासाठी मी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. नवऱ्याच्या दारूविषयी नव्हे, स्वतःच्या भीतीविषयी वहिनी कोणाशी तरी पहिल्यांदा बोलल्या त्या तिथेच.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कोणतेही उपचार मिळतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था काम करत आहे, सरकारी क्रमांक आहेत, तरीही हे अंतर आहे, याचे मला फार वाईट वाटते. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर दारूच्या दुकानाचा फलक लांबून दिसतो. १४४४६ हा आकडा मला तिथे कुठेही दिसला नाही.

दादा पुढे एकदा घसरला. त्या वेळी वहिनींनी मला विचारण्याआधी स्वतःच हेल्पलाइनला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ओपीडी गाठली. आता तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला जातो. तिथे शुल्क नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. वहिनींसाठी कुटुंबीयांच्या अल-ॲनॉन गटाची चौकशी मी सध्या करत आहे.