तुम्ही विचारलंत म्हणून: पाठ असलेलं ओपनिंग हरलात कसं?

"रोज तेच ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) खेळता ना, मग सातव्या चालीतच डाव कसा घालवलात?" हे मला त्या बुद्धिबळाच्या टूर्नामेंटपासून इतक्यांनी विचारलंय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

काळी मोहरी आली की मी कारो-कान नावाचं ओपनिंग खेळते. पांढऱ्याच्या ई४ला (ही पटावरच्या घरांची नावं) सी६, मग डी५. फ्रेंच नावाच्या दुसऱ्या ओपनिंगमध्ये पांढऱ्या घरांचा उंट ई६च्या प्याद्यामागे कोंडला जातो, इथे सहसा त्याला वाट मिळते. पण मी घोडा डी७वाली लाईन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, धरलेली, आणि त्यात समोरचा पाचव्या चालीला घोडा थेट जी५वर आणून बसवतो. दिसायला आगाऊपणाच. मग दुसरा घोडा एफ६, त्याचा उंट डी३, माझं ई६, त्याचा दुसरा घोडा एफ३. इथे आधी उंट डी६ला काढायचा, मगच एच६ करून घोडा हाकलायचा. मला दोन्ही चाली पाठ होत्या हो! फक्त वाटलं एच६ करायचंच आहे तर आत्ता काय नि नंतर काय.

त्याने घोडा ई६च्या प्याद्यावर नेऊन ठेवला, घड्याळ दाबलं आणि मारलेलं प्यादं बोटांत फिरवत बसला. मी पंचवीस मिनिटं घालवली. उंट डी६ला असता तर घोडा मारल्यावर शह बसला तरी एफ८ रिकामं होतं, राजा ई७वरून तिकडे सटकला असता, क्रम पाळायचा तो एवढ्यासाठी. मी वजीर ई७ला घातला, म्हणजे एफ८च्या उंटाचं तोंड स्वतःच बंद केलं, मग घोडा मारला, जी६वरून उंटाचा शह, राजा डी८ला. कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारी चाल) गेलं ते गेलंच.

आणि लाज कशाची, तर ११ मे १९९७ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरविरुद्ध सहाव्या डावात जगज्जेता कास्परोव्ह अगदी इथेच फसला होता, हेच एच६, हाच वजीर ई७, १९ चालींत डाव सोडला आणि मॅच साडेतीन-अडीचने गेली. हा किस्सा मी स्वतः चार जणांना रंगवून सांगितलेला! मी ३१ चाली टिकले, म्हणजे त्याच्यापेक्षा बारा जास्त, हेही सगळ्यांना सांगून झालंय.

कारो-कान सोडलं का? छे. आता चौथ्या चालीलाच उंट एफ५ला काढते, घोडा डी७चं नाव काढू नका.