आमची वाटचाल : समुद्राचा गंध, रोजच्या वापरासाठी

समुद्राला मिठाचा वास असतो असे बहुतेक सगळे सांगतात. मी आणि माझ्या बहिणीने घरातल्या एका खोलीत सुगंध (परफ्यूम) बनवण्याचा हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमचीही तीच समजूत होती. मिठाला स्वतःचा गंध नसतो, कारण ते हवेत उडून नाकापर्यंत पोहोचतच नाही, हे समजेपर्यंत आमचे पहिले काही महिने वाया गेले होते. किनारा दिसण्याआधी जो ओळखीचा वास येतो, त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड या संयुगाचा असतो; समुद्रातील प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि शेवाळ यांच्यातील एका घटकाचे जिवाणू विघटन करतात, तेव्हा ते तयार होते. शुद्ध रूपात मात्र त्याला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. खरा समुद्र जसाच्या तसा बाटलीत भरला, तर तो कोणीही रोज अंगावर लावणार नाही. म्हणून समुद्राची नक्कल करण्याऐवजी किनाऱ्यावरून परतलेल्या माणसाच्या अंगाला, कपड्यांना जो गंध राहतो, तो पकडायचा असे आम्ही ठरवले.

सागरी सुगंध करायचा म्हटले की कॅलोन टाळता येत नाही. 1966 मध्ये फायझर या औषध कंपनीच्या संशोधकांना सापडलेले हे संयुग 1990 च्या दशकातील सागरी परफ्यूमच्या लाटेचा आधार ठरले. त्याचे पांढरे स्फटिक हुंगले की आधी कापलेल्या कलिंगडाचा भास होतो आणि मग शिंपल्यांचा. आमच्या पहिल्या मिश्रणात ते अर्धा टक्का होते. तेवढ्यानेही बाकीचे सगळे घटक झाकले गेले. बहिणीने सकाळी ते मनगटावर लावले आणि दुपार व्हायच्या आत साबणाने हात धुतले, तरी तिच्या बाहीला दुसऱ्या दिवशीही कलिंगडाचाच वास होता. तेव्हापासून आम्ही कॅलोन आधी पातळ करून, एक टक्का तीव्रतेच्या द्रावणाच्या रूपातच वापरतो आणि मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर थेंबाथेंबाने मोजतो. प्रत्येक बदलानंतर मिश्रणात बुडवलेली कागदाची पट्टी लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगायची, हा नियम आजवर मोडलेला नाही.

कॅलोनचे प्रमाण उतरल्यावर इतर घटकांना जागा मिळाली. ओल्या लाकडाची छटा वाळ्याच्या तेलाने आली, तर खारट, उबदार त्वचेचा भास अ‍ॅम्ब्रॉक्सन या सुगंधी संयुगाने दिला. पूर्वी हा परिणाम स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरापासून मिळत असे. अ‍ॅम्ब्रॉक्सन मात्र क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लॅरिऑलपासून तयार करता येते, आणि कोणत्याही प्राण्याला न दुखावता हे साधते याचे मला मनापासून समाधान आहे. वरच्या ताजेपणासाठी बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल आहे, पण त्यातील बर्गॅप्टेन हा घटक काढून टाकलेले. बर्गॅप्टेन त्वचेवर असताना ऊन लागले तर चट्टे उठू शकतात, आणि समुद्राची आठवण देणारा सुगंध माणसे उन्हात लावून जाणारच.

पहिली मोठी खेप मात्र आमच्याच घाईमुळे फसली. अल्कोहोलचा उग्रपणा कमी व्हावा म्हणून आम्ही त्यात थोडे ऊर्ध्वपातित पाणी मिसळले आणि लगेच बाटल्या भरल्या. सकाळी पाहतो तो सगळ्या बाटल्या दुधाळ झालेल्या. लिंबूवर्गीय तेलांतील टर्पीन नावाची संयुगे पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे पाण्याचे प्रमाण वाढताच ती बाहेर पडली होती. आता मिश्रण चार आठवडे अंधारात मुरते, मग ते थंड करून गाळले जाते आणि त्यानंतरच बाटलीत जाते. या चार आठवड्यांमुळे मागणी असूनही कधी कधी माल देता येत नाही, तरी हा काळ आम्ही कमी केलेला नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी की वास लवकर जातो. वरचे ताजे घटक लवकर उडतात हे खरेच आहे. पण रोज एकच सुगंध लावणाऱ्याचे नाकही त्याला सरावते आणि शेजारी बसलेल्याला जे जाणवते, ते त्याचे त्याला जाणवेनासे होते. म्हणून तीव्रता वाढवण्याची मागणी आम्ही आजवर मान्य केलेली नाही. कार्यालयात, प्रवासात, आजारी माणसाला भेटायला जातानाही जो लावता यावा, तो सुगंध हातभर अंतरापलीकडे पोहोचू नये असे आमचे मत आहे. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहिते आणि चार तासांनी जवळच्या कोणाला तरी मनगट हुंगायला सांगा, अशी विनंती करते.