बिजागरी

रविवार, रात्र

बाबा झोपलेत. मी दुपारपासून माझ्याच एका वाक्यापाशी अडकले आहे. "चला ना बाबा, लोक बघतायत." कॅपिटॉलच्या, म्हणजे ऑस्टिनमधल्या टेक्सासच्या विधानभवनाच्या दारात ते गुडघ्यावर बसून बिजागरी बघत होते, तेव्हा म्हटलं.

खरं तर कुणी बघत नव्हतं.

त्या इमारतीत जो येतो तो मान वर करतो. मलाही त्यांना घुमटाखाली न्यायची घाई होती. छताच्या मधोमधचा तारा खालून तळहाताएवढा दिसतो, आहे आठ फुटांचा. बाबांनी एकदा वर पाहिलं, "छान आहे" म्हणाले, आणि वळले ते पुन्हा दाराकडे. बिजागऱ्यांवर 'टेक्सास कॅपिटॉल' अशी अक्षरं आहेत. बाबा त्यांवरून अंगठा फिरवत होते. १८८८ची इमारत, आणि दार अजून खाली घासत नाही, असं काहीतरी पुटपुटत होते. आणि मी म्हटलं, चला ना.

ते लगेच उठले. "हो, हो, चल." तो 'हो, हो' डोक्यातून जात नाही. पुढे कुठेच थांबले नाहीत. मी दाखवीन ते बघत राहिले.

आठवडाभर ऑफिस, मग बाबांचं पथ्य, मग सुजूचे फोन. एक रविवार मिळतो. मला कुणी विचारतं का, की तू... जाऊ दे.

लहानपणी ते मला साइटवर न्यायचे. पुलाच्या कामावर मी तासन् तास दगड निवडत बसायचे. ओळंबा हातात धरून खेळायचे. "चल, मजूर बघतायत," असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, आधी चुनखडक वापरणार होते, पण त्यात लोहाचे डाग उमटायला लागले, म्हणून बाहेरून हा लाल ग्रॅनाइट, मार्बल फॉल्सजवळच्या डोंगराचा. खाणीत कैदी लावले, तर इथल्या पाथरवटांच्या संघटनेनं बहिष्कार टाकला. मग स्कॉटलंडहून माणसं आणली. राज्यानं कंत्राटदारांना बिलापोटी तीस लाख एकर जमीन दिली. बाबा थांबले. भिंतीवर तळवा टेकवला. दर्शनी दगड मुद्दाम खडबडीत ठेवलाय, पण दगडांमधल्या दरजा बघ किती बारीक, म्हणाले. मग विचारलं, "आणि तो डागाळलेला दगड कुठून आणला होता?"

मी रोज कन्व्हिक्ट हिल रोडनं ऑफिसला जाते. कैद्यांची टेकडी. तो चुनखडक तिथलाच, तोही कैद्यांनीच फोडलेला. नाव रोज वाचते, दगड फोडणारी माणसं मात्र आजवर कधी मनात आली नव्हती. बाबांना घरी त्याच रस्त्यानं आणलं. ते काच खाली करून बघत होते. मी गाडी हळू चालवली. मागून कुणी हॉर्न दिला, तो दिला.

माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. जेवताना एवढंच म्हटलं, उद्या सुट्टी टाकलीय, परत जाऊ या का?

"नको गं, पार्किंगला पैसे पडतात."

ताट उचलून बाबा सिंकपर्यंत गेले. तिथूनच विचारलं, "घरात मेजर टेप आहे का?"