तीनचा अर्धा आणि नुसता अर्धा

पाचवीच्या मुलांना वर्तुळाचा पाव भाग रंगवायला सांगितला, तर बहुतेकांचे उत्तर बरोबर येते. तीच मुले संख्यारेषेसमोर अडतात, कारण रंगवताना अपूर्णांक हा एखाद्या वस्तूचा तुकडा असतो आणि रेषेवर मात्र ती 1 किंवा 2 यांच्यासारखी, स्वतःची ठरलेली जागा असलेली एक संख्या असते. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला मी शिकवते. आमच्या सराव प्रश्नपत्रिकांत अजून रंगवण्यालाच जास्त गुण असतात, त्यामुळे ही अडचण झाकलेलीच राहते.

फळ्यावरची रेषा मुले नुसती पाहतात, म्हणून मी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधते आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर 0, 1, 2, 3 ही कार्डे चिमट्यांनी लावते. उरलेली सुतळी गुंडाळून ठेवते. 0 ते 1 एवढ्याच लांबीची कागदी पट्टी प्रत्येक गटाला मिळते. ती दुमडून घड्यांवरून समान भाग करायचे, नजरेच्या अंदाजाने नाही. चार भाग करा म्हटले की मुले 0 आणि 1 यांच्यामध्ये चार खुणा करतात आणि भाग पाच होतात. खुणा खरे तर तीनच लागतात. म्हणून मी खुणा मोजू देत नाही, 0 पासूनच्या उड्या मोजायला लावते.

त्या दिवशी पट्ट्या वाटण्याआधीच मी 1/2 चे कार्ड लावायला सांगितले. एका मुलाने ते 1 आणि 2 यांच्या बरोबर मध्ये लावले आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने त्याला दुजोरा दिला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, सुतळी अजून सोडली तर अर्धा सरकणार का?" इतका नेमका प्रश्न मला प्रशिक्षणातही कुणी विचारलेला नाही. मी गुंडाळी सोडून 4 चे कार्ड लावले. सगळ्या सुतळीचा मध्य म्हणजे अर्धा, या त्यांच्या नियमाने आता अर्धा 2 वर जायला हवा होता, आणि 2 ची जागा तर आधीच 2 ने घेतलेली होती. बऱ्याच जणांनी तिथेच माघार घेतली.

कार्ड लावणारा मुलगा मात्र हटला नाही. "मोठ्या भाकरीची अर्धी मोठीच असते ना, बाई?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याला विचारले, "या सुतळीवर आपली एक भाकरी कोणती?" त्याने बराच वेळ पाहून 0 ते 1 या भागावर बोट ठेवले, पट्टी दुमडली आणि 1/2 चे कार्ड योग्य जागी आणले. मग त्याच घडीने 0 पासून तीन उड्या मारून तो आधी कार्ड लावले होते त्याच जागेवर पोहोचला आणि म्हणाला, "इथे 3/2 आहे, आणि तीनचा अर्धापण इथेच आहे." 3 भागिले 2 आणि 1/2 च्या तीन उड्या एकाच बिंदूवर येतात, हे त्याने स्वतः शोधले होते. शिकवणीत "खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक लहान" एवढेच घोकून घेतात. 2/3 आणि 3/4 समोर आले की तो नियम मुलांना सरळ फसवतो.

पुढच्या चाचणीत 0 ते 2 च्या रेषेवर 1/2 दाखवायचा होता. त्याच मुलाने खूण 1 वर केली आणि खाली लिहिले, "2 चा अर्धा". बोलावून विचारले, तेव्हा नुसता 1/2 कुठे, हेही त्याने न अडखळता दाखवले. माझ्या सहकारी बाईंच्या मते उत्तर चूक, गुण शून्य. उत्तरसूचीही त्यांच्याच बाजूने आहे. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा सगळा भर तिसरीपर्यंतच्या वाचनावर आणि गणनावर आहे, आणि अपूर्णांकाचा खरा चढ लागतो तो त्यानंतर. तिथे शिक्षकाच्या हाती राहते ती ही उत्तरसूची. मी त्याचे गुण अजून भरलेले नाहीत. सगळ्या वर्गाला मी तोच प्रश्न पुन्हा देणार आहे, पण या वेळी एकाच रेषेवर 1/2 आणि 2 चा अर्धा अशा दोन्ही खुणा करायला सांगून.