मुदतीच्या जागी टिंबं

मागच्या जुलैतली गोष्ट. फोर्टात सकाळपासून धो-धो पाऊस. आज कुणी अशील फिरकणार नाही असं धरून मी चहा मागवला, तर दारात एक काका उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी. स्वतः नखशिखान्त भिजलेले, पण पिशवीवरची गाठ सुटता सुटेना अशी पक्की.

काका बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरीतल्या आठवणींचं त्यांचं एकच पुस्तक, २०१७ साली निघालेलं. प्रती कधीच संपल्या होत्या. आता एक बाई त्याचा हिंदी अनुवाद करायला तयार होत्या, आणि प्रकाशक म्हणत होता, "सगळे हक्क आमचे, आधी आमच्याशी बोला." बोलायचे म्हणजे पैसे द्यायचे.

"मॅडम, मी पुस्तक रजिस्टर केलं नव्हतं. म्हणजे माझा हक्क गेलाच ना?"

हा प्रश्न नव्या लेखकांपैकी दहातले नऊ विचारतात. काही जण हस्तलिखित रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाठवून पाकीट न फोडता कपाटात ठेवतात. आपल्या कायद्यात त्या पाकिटाला वेगळं असं काही वजन नाही. कॉपीराइट लिहिल्याक्षणी जन्माला येतो, आणि लेखक हयात असेपर्यंत व त्यानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक, भांडण झालं तर पुरावा म्हणून कामाची. काकांकडे तर नऊ वह्या होत्या, तारखांसकट.

खरा प्रश्न होता करारनाम्याचा. काकांनी पिशवीतून झेरॉक्स काढली. एकच पान. दहा हजार रुपये एकरकमी, आणि खाली "सर्व हक्क, अनुवाद व रूपांतरासह, प्रकाशकाकडे". वाचून माझं तोंड उतरलं असावं, कारण काका लगेच म्हणाले, "वाईट आहे ना?"

मग 'मुदत' या शब्दापुढे नजर गेली. पुढे नुसती टिंबं. कोरी.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं १९वं कलम मला पाठ आहे, पण तरी उघडून वाचलं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात. कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१७ अधिक पाच. काकांनी बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. करार २०२२ मध्येच संपला होता.

मी प्रकाशकाला फोन लावला. आवाज गोड. "मॅडम, करार कायमचा आहे, पाठवतो ना." दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तेच पान, त्याच सह्या. फक्त टिंबांवर निळ्या शाईत लिहिलेलं: 'कायमस्वरूपी'. बाकीचा मजकूर काळ्या पेनाचा.

मला घाम फुटला. मूळ कागद त्याच्याकडे, आमच्याकडे झेरॉक्स. उद्या तो म्हणाला, तुम्हीच शब्द झाकून झेरॉक्स काढलीत, तर?

काका मात्र शांत होते. "ही झेरॉक्स मी सही करून खाली उतरल्या उतरल्या जिन्याखालच्या दुकानात काढली. फोटो लगेच पुण्याला मुलाला पाठवला. म्हटलं, बघून घे." मुलाने फोन बदलला होता, पण तो फोटो त्याच दिवशी त्याने स्वतःला ईमेल करून ठेवला होता. शोधायला पाऊण तास लागला. सापडला. तारीख आणि वेळेसकट, टिंबं कोरी.

"इतकी खबरदारी कशी काय घेतलीत?" मी विचारलं.

"तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर आधी आपला आकडा आपल्याकडे पाहिजे."

मी प्रकाशकाला तो ईमेल पाठवला. खाली एकच ओळ लिहिली, की मूळ करारनामा जपून ठेवा, कोर्टात दाखवावा लागेल. कोर्टाची धमकी मला एरवी आवडत नाही. त्या दिवशी आवडली. दोन तास काहीच नाही. साडेचारला फोन आला: ऑफिसातल्या कुणी मुलाने चुकून भरलं असेल, लेखकाने खुशाल अनुवाद करावा, आमची हरकत नाही. मुलावर माझा विश्वास बसला नाही, पण भांडत बसले नाही. म्हटलं, हरकत नाही हे लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्या. सहा वाजता माणूस पत्र घेऊन आला.

काकांनी ते दोनदा वाचलं, तारखेवर बोट ठेवून पाहिलं, आणि छत्री न घेताच खाली गेले. मला वाटलं, निघाले. दहा मिनिटांनी परत आले, पुन्हा तसेच भिजलेले, हातात कोरड्या दोन झेरॉक्स.

"एक तुमच्या फायलीला, ताई."