इंग्रजी मापाची थीम, मराठी अंगावर

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या बहुतेक थीमचा, म्हणजे साइटच्या तयार रूपाचा, डेमो देखणा दिसतो, कारण त्यात रोमन अक्षरे असतात. अक्षरांमध्ये किंचित मोकळीक, मेन्यू कॅपिटलमध्ये, शीर्षकाच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या, अवतरणे तिरकी. त्याच थीममध्ये मराठी मजकूर ओतला की शिरोरेषा तुटते, रफार वरच्या ओळीत घुसतो आणि कॅपिटलचा थाट तर पार नाहीसा होतो, कारण देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाहीच. म्हणून मराठी वेबसाइटसाठी थीम निवडताना रंग आणि फोटो शेवटी बघावेत. आधी अक्षरे.

डेमोवर विसंबू नका. वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालते, होस्टिंग लागत नाही. तिथे थीम चढवा आणि एका पोस्टमध्ये मुद्दाम अवघड शब्द टाका: मूर्तींना, कर्तृत्व, वाऱ्यावर, कुऱ्हाड, हृदय, ट्रॅक्टर, ॲप, शृंगार, लक्ष्मी. एकटा 'मूर्तींना' पुरेसा आहे. 'म'खाली दीर्घ उकार, 'त'वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघे एकत्र. हा शब्द शीर्षकाच्या दोन्ही ओळींत येईल असे शीर्षक करा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आदळला, तर ओळींतले अंतर कमी आहे. 'वाऱ्यावर'मधला अर्धा ऱ वेगळ्याच जाडीचा दिसला, तर फॉन्टमध्ये तो नाही आणि ब्राउझरने दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणला आहे. 'ॲप' लिहिताना अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडले असतील, तर काही ठिकाणी मध्ये टिंबांचे वर्तुळ उमटते. तो दोष थीमचा नाही, टायपिंगचा आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे, तेच वापरावे.

उदाहरण म्हणून ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह घेऊ. वर्डप्रेस ६.७ सोबत आलेली, फुकट, हलकी, वैयक्तिक साइटला पुरून उरेल अशी. तिचा मुख्य फॉन्ट मॅनरोप. त्यात देवनागरी नाही. म्हणजे तुमचा मराठी मजकूर विंडोजवर निर्मला यूआयमध्ये, अँड्रॉइडवर नोटोमध्ये आणि आयफोनवर कोहिनूरमध्ये दिसणार. एकच पान, तीन चेहरे. शिवाय मजकुराची जाडी ३००, अक्षरांतले अंतर उणे ०.१ पिक्सेल, ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ पट आणि शीर्षकांचे १.१२५ पट. रोमनला हे शोभते. देवनागरीत ३०० जाडी काही मशीनवर किरकिरीत बारीक दिसते, आणि १.१२५ मध्ये 'मूर्तींना' मावत नाही.

फॉन्ट कुठून येतोय ते डोळ्यांनी ओळखायला जाऊ नका. क्रोममध्ये मराठी परिच्छेदावर उजवी क्लिक, इन्स्पेक्ट, मग कॉम्प्युटेड टॅबच्या तळाशी 'रेंडर्ड फॉन्ट्स'. तिथे प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचे नाव आणि किती अक्षरे त्यातून आली ते दिसते. फसगत होते ती पॉपिन्ससारख्या फॉन्टची. मूळ पॉपिन्समध्ये देवनागरी आहे, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण थीमसोबत फाइल हलकी ठेवायला फक्त रोमन भाग दिलेला असेल, तर नाव पॉपिन्सचे आणि अक्षरे निर्मलाची.

उपाय फॉन्ट लायब्ररीत आहे. वर्डप्रेस ६.५ पासून ब्लॉक थीममध्ये (ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी, सगळी साइट एडिटरमधून बदलता येणारी थीम) अपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी या वाटेने गेलात की गूगल फॉन्ट्समधला फॉन्ट निवडून आपल्याच सर्व्हरवर उतरवता येतो. वाचकाच्या ब्राउझरला गूगलकडे हात पसरावा लागत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा सरळ, न कंटाळवणारा पर्याय. त्याच्या सात जाड्या आहेत, पण ४०० आणि ७०० एवढ्या दोनच घ्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते आणि प्रत्येक जाडी म्हणजे आणखी एक फाइल. लांब ललित लेखन असेल तर तिरो देवनागरी मराठी फार सुंदर आहे, पण त्यात ठळक जाडी नाही. ठळक केले की ब्राउझर अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि 'क्ष'ची पोकळी बुजते. तिरो घेतलात तर शीर्षके नुसत्या आकाराने मोठी करा, जाडीने नाही.

आता आकडे. मजकूर १८ ते २० पिक्सेल, जाडी ४००, ओळींचे अंतर १.७५, शीर्षकांना १.३५. अक्षरांतले अंतर सगळीकडे शून्य. इथे एक मेख आहे: टायपोग्राफीत 'टेक्स्ट'ला शून्य दिले तरी शीर्षके, बटणे, मेन्यू यांना थीमने वेगळी मूल्ये दिलेली असतात आणि ती वरचढ ठरतात. एलिमेंट्समध्ये हेडिंग्ज आणि बटन्स उघडा, मग ब्लॉक्समध्ये टायटल आणि नॅव्हिगेशन. कंटाळा असेल तर स्टाइल्समधल्या ॲडिशनल सीएसएस या कोड लिहायच्या पेटीत एकच नियम लिहावा, बॉडीतल्या प्रत्येक घटकाला लेटर-स्पेसिंग शून्य, पुढे इम्पॉर्टंट, म्हणजे हा नियम बाकीच्यांवर मात करतो. एरवी इम्पॉर्टंट टाळावे म्हणतात. इथे खुशाल वापरा.

तिथेच आणखी तीन गोष्टी उरकता येतात. फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइल नन केले की अवतरणे खोटी तिरकी होत नाहीत. अवतरण वेगळे दाखवायला डावीकडची रेघ पुरे. लिंकखालची रेषा या थीममध्ये अक्षरापासून ०.१ एमवर (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे माप) आहे, ती उकारांना छेदत जाते आणि ब्राउझर तिचे तुकडे करतो, ०.३ एम करा. जस्टिफाय, म्हणजे दोन्ही कडा सरळ करणे, काढून मजकूर डावीकडून लावा, कारण ओळीअखेर शब्द आपोआप तुटत नसल्याने ओळीत भगदाडे पडतात.

ड्रॉप कॅप, म्हणजे परिच्छेदाचे पहिले अक्षर भलेमोठे करणे, मात्र सोडूनच द्या. 'प्रत्येक'ने परिच्छेद सुरू झाला तर एखादा ब्राउझर पाय मोडलेला प् मोठा करतो आणि पुढे 'रत्येक' ठेवतो.

सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करायला विसरू नका. मेन्यू मराठीत दिसावा एवढ्यासाठी नाही. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण 'एमआर' पडते, आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ती वाचून पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श देतो. खूण इंग्रजीच राहिली तर हिंदी वळणाचा दंडवाला ल येतो. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच मराठी वळणे धरली आहेत.

मुखपृष्ठावरचे उतारेही तपासा. एक्सर्प्ट ब्लॉक ५५ शब्द घेतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपले ५५ शब्द इंग्रजीच्या ५५ पेक्षा जास्त जागा खातात आणि कार्डे वेडीवाकडी होतात, २५ ठेवा. फोनवर ३६० पिक्सेल रुंदीत शीर्षक पाहा. 'महानगरपालिकेच्यावतीने'सारखा शब्द चौकटीबाहेर गेला तर शीर्षकाचा आकार कमी करावा.

पोस्टच्या लिंकमधला शीर्षकावरून होणारा पत्ता म्हणजे स्लगही हातानेच लिहा. वर्डप्रेस त्याला २०० अक्षरांची जागा देते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, साठवताना ९ अक्षरे खाते. 'महाराष्ट्रातील किल्ले आणि गडवाटा' या शीर्षकाचा आपोआप होणारा पत्ता 'महाराष्ट्रातील-किल्ले-आण' इथे तुटतो. एकदा पोस्ट जगजाहीर झाली की पत्ता बदलणे म्हणजे जुन्या लिंक सांभाळत बसणे.

हे सगळे बदल साइट एडिटरमधून केलेत तर ते डेटाबेसमध्ये राहतात, थीम अपडेट झाली तरी जात नाहीत. थीमच्या फाइलींमध्ये हात घातला असेल तर जातात, आणि मग चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला हात न लावता बदल वेगळे ठेवणारी जोडथीम, लागते. पण डेटाबेसमधले बदल त्या-त्या थीमच्या नावे बांधलेले असतात. थीम बदलली की ॲडिशनल सीएसएसची पेटी रिकामी दिसते. जुनी थीम पुन्हा लावली की मजकूर परत येतो, तरी तो उतरवून एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तारखेसह ठेवलेला बरा.