दोन वर्षं दोन्हीकडे

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच. "मग, आता पुढे काय?" केमिस्ट्रीच्या टीवायची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, परीक्षा संपल्यापासून "बघू, रिझल्ट लागू दे" हे उत्तर माझं तोंडपाठ होतं. आता रिझल्ट लागलाय, त्यामुळे ते बाद. हसून वेळ मारून नेली, पण घरात तसं चालणार नाही. शनिवारपर्यंत कंपनीला कळवायचंय.

महापेच्या एका औषध कंपनीचं ऑफर लेटर आलंय. क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात ट्रेनी, महिन्याला हातात 18,000. कलिनाला, मुंबई विद्यापीठात, एमएससीला नंबर लागेल असं मार्कांवरून वाटतंय. फेब्रुवारीत जॅम, आयआयटीतल्या एमएससीची प्रवेश परीक्षा, दिली होती, तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. पवईची आयआयटी मिळावी एवढी रँक नाही आली. लांबच्या एखाद्या एनआयटीत कदाचित जागा मिळेल, पण होस्टेल, मेस, जाण्यायेण्याचा खर्च, त्यात धाकट्याचं बारावीचं वर्ष. तो विषय आमच्या घरी जेवताना निघाला आणि ताटं उचलायच्या आत संपला. जॅमचा स्कोअर त्या वर्षापुरताच असतो, गेटसारखा तीन वर्षं चालत नाही, म्हणून थोडी हळहळ वाटली, एवढंच.

मैत्रीण म्हणते, चौथं वर्ष कर. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं आणि मग पीजी एका वर्षात. एक अधिक एक. म्हणजे बेरीज तीच.

आईचं मत पक्कं आहे. शिक. "एकदा पगाराची चटक लागली की कोणी परत पुस्तक उघडत नाही." यात तथ्य नाही असं मी म्हणू शकत नाही. आमच्या सीनियर्सपैकी "एक वर्ष नोकरी, मग एमएससी" म्हणणारे बरेच होते. एमएससीला गेलेलं त्यातलं कोणी मला तरी आठवत नाही.

रविवारी मावशीकडे गेलो होतो, तेव्हा दादाशी बोलले. दादा एमएससी ऑरगॅनिक, शिवाय सेट पास. ही परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, ती किंवा नेट असल्याशिवाय सीनियर कॉलेजात प्राध्यापकाची कायम नोकरी अवघडच. त्याच्याकडे ती आहे, तरी तो तासिका तत्त्वावरच शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. जेवढे तास तेवढे पैसे. दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षांचे दिवस, तेव्हा तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. मला वाटलं, हा आता एमएससीच्या नावानं बोटं मोडणार. तसं काहीच नाही. चहा ढवळत म्हणाला, "कर की एमएससी. पण काही सुचत नाही म्हणून करू नकोस. तुला ऑरगॅनिकच करायचंय का, की दोन वर्षं विद्यार्थी म्हणवून घ्यायचंय?"

मला ऑरगॅनिक करायचंच नाहीये. ॲनालिटिकल करायचंय, पदार्थात काय आहे आणि किती आहे ते शोधणारी शाखा. आणि ते का, हे शोधत गेले तर उत्तर कलिनाला मिळत नाही, महापेलाच मिळतं.

आमच्या कॉलेजात एचपीएलसी आहे, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी मशीन. एकच. प्रॅक्टिकलला आम्ही सगळे तिच्याभोवती गर्दी करून उभे. लॅब असिस्टंटनी बटण दाबलं, स्क्रीनवर पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आला, आम्ही रिटेन्शन टाइम, तो पीक यायला लागलेला वेळ, जर्नलमध्ये उतरवला. झालं प्रॅक्टिकल. तीन वर्षांत मी त्या मशीनला हात लावलेला नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी कंपनीच्या लॅबमध्ये नेलं. आधी ॲप्रन, शू कव्हर, केसांना टोपी. आत एचपीएलसींची ओळ, प्रत्येकीच्या डोक्यावर मोबाइल फेजच्या, म्हणजे मशीनमधून वाहणाऱ्या द्रावणाच्या, बाटल्या. एक मॅडम लॉगबुक लिहीत होत्या. आकडा चुकला. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. हे करताना त्या माझ्याशी बोलतही होत्या. सँपल लावायच्या आधी स्टँडर्डचं, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याचं, इंजेक्शन मशीनला पाच-सहा वेळा द्यायचं, पीकच्या एरियाचा आरएसडी, म्हणजे दर वेळच्या आकड्यांमधला फरक, 2 टक्क्यांच्या आत आला तरच पुढे जायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण आरएसडी आत आलाच नाही तर माणूस नक्की काय करतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. आधी हवेचा बुडबुडा शोधतो.

त्यांनाच बेसिनपाशी हळूच विचारलं, इथून मेथड डेव्हलपमेंटला, तपासणीच्या नव्या पद्धती बनवायच्या कामाला, जाता येतं का? हात पुसत म्हणाल्या, "एडीएलला, त्या डेव्हलपमेंटच्या लॅबला, एमएससीवाले घेतात गं. ते मेथड बनवतात, आपण चालवतो." हे लागलं मला. अजून लागलेलं आहे. एचआरला विचारलं असतं तर "परफॉर्मन्सवर आहे" असं गोड उत्तर मिळालं असतं.

पण आधी दुसऱ्याची मेथड चालवून बघावी, ती कुठे कुठे अडते ते हातांना कळू द्यावं, मग एमएससीला जावं. तेव्हा वर्गात विचारायला माझ्याकडे प्रश्न तरी असतील. मी स्वतःची समजूत घालतेय का? थोडी घालत असेनही. 18,000 चा मोह नाही असं लिहिलं तर ही रोजनिशी खोटी ठरेल.

बाबा पतपेढीत असतात. आयुष्यभर लोकांचे कर्जाचे कागद वाचलेत त्यांनी. काल ऑफर लेटर पट्टी ठेवून, ओळ न् ओळ वाचलं. मी काय निवडावं याबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं होतं कमावती मुलगी म्हणून खूश होतील, नाहीतर लोन काढू म्हणतील. दोन्ही नाही. दोन कलमांवर तेवढी पेन्सिलीनं खूण केली. एक, बाँड दोन वर्षांचा, आधी सोडलं तर तीन महिन्यांचा पगार भरायचा. दुसरं, ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडे जमा करायच्या.

"बाँडचं तू बघ. एमएससी केलंस तरी दोन वर्षं जाणारच आहेत. पण ओरिजिनल कागद कोणाकडे ठेवायचे नाहीत."

आज दुपारी फोन केला. एचआरवाल्या बाई आधी "आमच्याकडे सगळेच देतात" म्हणाल्या. मी म्हटलं, ओरिजिनल तपासा आणि तिथल्या तिथे परत द्या, झेरॉक्स ठेवा. वरिष्ठांना विचारून परत फोन आला, चालेल. हे त्यांनी मेलवर लिहून द्यावं असं मी सांगितलं, तेव्हा बाबा शेजारी बसून पेपर वाचत असल्याचं नाटक करत होते.

तर, जॉइन होतेय. भांडुपहून ठाणे, तिथून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडून घणसोली, पुढे शेअर रिक्षा. बाँड संपेल त्या वर्षी एमएससीचा फॉर्म भरायचा. इथे लिहून ठेवलंय म्हणजे निदान आईला पुरावा दाखवता येईल.

सोमवारी मेडिकल आहे. रंग नीट ओळखता येतात का तेही तपासतात म्हणे, टायट्रेशनला फिकट गुलाबी कुठे सुरू होतो ते दिसायला हवं. त्याची काळजी नाही. लेटरमध्ये 'रोटेशनल शिफ्ट' असं एक बारीक अक्षरातलं वाक्य आहे, ते आईनं अजून वाचलेलं नाही. उद्या सकाळी डबा भरताना सांगेन. नाहीतर संध्याकाळी, बाबा घरी आल्यावर.